शाबासकी परत घ्या

गेल्या वर्षभरात मला जितकी शाबासकी मिळाली, तितकी दहावीच्या निकालालाही मिळाली नव्हती. लग्नात, बारशात, सेनगावच्या बसस्टँडवर, शाळेच्या पालकसभेत, जिथं जाईन तिथं तेच. "अगं बाई, केवढी बारीक झालीस! घेतलंस ना शेवटी मनावर?" आमच्या एका काकूंनी तर घरच्या ग्रुपवर माझा जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी टाकला आणि खाली लिहिलं, 'इच्छाशक्ती असेल तर काहीही शक्य आहे.' त्याखाली सत्तावीस अंगठे!

काकू, तुम्ही हे वाचणार आहात हे मला ठाऊक आहे. तुम्ही इथलं सगळं वाचता आणि मग आईला फोन करता :) तेव्हा रागावू नका, पण ही शाबासकी मला नको आहे. परत घ्या.

हे मी नम्रतेनं म्हणत नाहीये. ही शाबासकी घेतली की तिच्या पाठोपाठ एक बिल येतं आणि ते मला मान्य नाही. वजन उतरलं ते माझ्या इच्छाशक्तीमुळे असं एकदा कबूल केलं, की आधी ते चढलं माझ्या आळसामुळे हेही कबूल करावं लागतं. शुगर आटोक्यात आली ती शिस्तीमुळे, तर आधी हाताबाहेर गेली ती बेशिस्तीमुळे! एका तराजूची ही दोन पारडी, आणि माझ्या बाबतीत तो तराजूच खोटा आहे. वजन, शुगर, बीपी ही तिन्ही उतरली ती माझ्या उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली एक गाठ सर्जननं काढून टाकली म्हणून. द्यायचीच तर त्यांना द्या शाबासकी.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१९ च्या दिवाळीपर्यंत मी ६१ किलोची, चौतीस वर्षांची, धडधाकट बाई होते. त्यानंतर वजन चढायला लागलं. नंतर लॉकडाऊन आला, सगळेच सुटले, त्यामुळे माझं सुटणं कुणाला वेगळं वाटलं नाही. पण माझे हातपाय बारीक होत होते आणि पोट, मान, चेहरा तेवढा फुगत होता. चेहरा लालबुंद आणि गोल. बांगडी जरा घासली की हातावर काळंनिळं. पाळी चार-चार महिने गायब. पोटावर जांभळे, बोटभर रुंद पट्टे. रात्री झोप नाही. आधी बीपीची गोळी सुरू झाली, मग दुसरी. पाठोपाठ शुगर, तिच्या तीन गोळ्या, आणि २०२२ मध्ये इन्सुलिन. त्याच उन्हाळ्यात पाण्याची कळशी उचलताना पाठीत अशी कळ आली की खालीच बसले. मणका दबला होता. सदतिसाव्या वर्षी! मला कमरेचा पट्टा मिळाला आणि 'वजन कमी करा' असा सल्ला मिळाला. २०२३ च्या सुरुवातीला मी ८४ किलोवर होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत माझं ऑपरेशन झालं.

या साडेतीन-पावणेचार वर्षांत मी जेवढी प्रवचनं ऐकली, तेवढी एखाद्या सप्ताहातही होत नसतील. भात सोड. भाकरी सोड. साखरेचा चहा सोड. सकाळी कोमट पाणी, रात्री मेथ्या. दर एकादशीला नर्सीला पायी जाऊन ये, नामदेव महाराज बघून घेतील. दोन वेळाच जेवायचं की थोडं थोडं पुष्कळ वेळा खायचं, दीक्षित की दिवेकर, यावर मराठी घरांमध्ये जी युद्धं झाली त्यांतल्या निदान चार तरी माझ्या ताटावर झाली. (त्या दोघांचाही यात काही दोष नाही. ज्यांच्या ग्रंथी ठीक आहेत अशांसाठी तो सल्ला होता.) एका डॉक्टरांनी तर माझ्या नवऱ्यासमोर सांगितलं, "मॅडम चोरून खात असतील. बघा जरा लक्ष ठेवून." त्या दिवशी घरी येईपर्यंत दोघंही गप्प होतो. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका डॉक्टरचा नाहीच. तेच वाक्य सौम्य शब्दांत मला पुष्कळांनी ऐकवलं आहे.

मी मास्तरीण. आम्हाला नोंदी ठेवायची खोड असते. त्या काळातली माझी वही अजून आहे. जून २०२१ ची पानं सांगतात: तीस दिवसांपैकी सव्वीस दिवस हिंगोली रस्त्यानं चालायला गेले, चार किलोमीटर. दोन्ही वेळा एकेक भाकरी, वरण, भाजी. गोड नाही. महिन्याच्या शेवटी वजन दीड किलोनं वाढलेलं. आता बोला!

आणि नोव्हेंबर २०२३ ची पानं सांगतात: ऑपरेशनला तीन महिने. चालणं अंगणापुरतं, कारण गुडघे, खांदे, पाठ, सगळं ठणकतंय. भूक लागेल तसं जेवायला डॉक्टरांनीच सांगितलंय. इन्सुलिन बंद होऊन सहा आठवडे झाले. बीपीची एक गोळी सुटली. वजन चार किलोनं कमी.

चालत होते, मोजून खात होते तेव्हा चढलं. अंथरुणावर पडून पोटभर जेवत होते तेव्हा उतरलं. इच्छाशक्तीच्या सिद्धांताचं करायचं काय मग? माझी इच्छाशक्ती जून २०२१ मध्ये होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये माझ्याकडे फक्त एक गाठ कमी होती.

आता ती गाठ काय करत होती ते सांगते. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी, डॉक्टरी भाषेत अ‍ॅड्रिनल. वजन पाच ग्रॅमच्या आसपास. ती कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बनवते आणि ते नसेल तर माणूस जगत नाही. पहाटे ते चढतं, आपल्याला उठवतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्री तळाला जातं. आजार-उपवास-अपघातात ते वाढतं आणि यकृताला सांगतं, साखर सोड, संकट आहे. स्नायू मोडून त्याचीही साखर करतं. इन्सुलिनचा जोर कमी करतं. बीपी वर धरतं. संकट टळलं की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी हुकूम थांबवते आणि कॉर्टिसॉल उतरतं.

आपल्याकडे विहिरीच्या मोटारीला ऑटो लावतात, लाइट आली की मोटार आपोआप सुरू. समजा तो ऑटो बिघडला आणि मोटार रात्रंदिवस बंदच होईना. हळद पाण्यात उभी राहील, कंद सडेल. तेव्हा कुणी वाफ्यात जाऊन हळदीला म्हणतं का, की बाई, तू जरा पाणी कमी पी? माझ्या गाठीला पिट्युटरीचा हुकूम ऐकूच येत नव्हता. रात्री बारालाही तिचं कॉर्टिसॉल सुरूच. शरीराला चोवीस तास सांगितलं जात होतं की संकट आहे, साखर सोड, स्नायू मोड, पोटावर चरबी साठव. आणि बाहेरून सगळे मला सांगत होते की मनावर घे.

या आजाराला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. हार्वे कुशिंग नावाच्या अमेरिकन मेंदूशल्यविशारदानं १९१२ साली आपल्या पुस्तकात तेवीस वर्षांच्या एका तरुणीची हकीकत छापली. अंगानं फुगलेली, पाळी बंद, अंगावर जांभळे पट्टे. १९३२ साली त्यानं अशा बारा रुग्णांवरचा लेख प्रसिद्ध केला. त्याच्या मते मूळ पिट्युटरीत होतं. पुढे कळलं की कधी मूळ पिट्युटरीत असतं, कधी अ‍ॅड्रिनलमध्ये, क्वचित आणखी कुठे. माझं अ‍ॅड्रिनलमधलं. म्हणजे वर्णन शंभर वर्षांहून जुनं आहे. माझ्या पोटावरचे पट्टे त्या तरुणीच्या पोटावरच्यांपेक्षा काही निराळे नव्हते.

तरी ते ओळखायला वेळ लागतो, आणि सेनगावातच लागतो असंही नाही. जगभरच्या ५,३६७ रुग्णांची माहिती एकत्र करून २०२० साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी ३४ महिने! त्यात मोठमोठ्या देशांतल्या मोठमोठ्या इस्पितळांचे रुग्ण आहेत. तेव्हा 'आपल्या खेड्यात काय सोयी आहेत' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. सोयी नाहीत हे खरंच आहे. पण माझं निदान कुठल्या यंत्रानं सुरू झालंच नव्हतं.

ते एका प्रश्नानं सुरू झालं. मणक्यासाठी म्हणून मुंबईला गेले होते. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "मावशी, खाली उकिडवं बसून हात न टेकता उठता येतं का?" मी बसले. उठता येईना. मग त्यांनी दंड बघितले, हातावरचे डाग बघितले, पदर सरकवून पट्टे बघितले, मानेमागचा उंचवटा चाचपला. पाच मिनिटं. खर्च शून्य. पुढच्या तपासण्यांना पैसे लागले, पण त्या योग्य दिशेला गेल्या. रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅम मात्रा, सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल. निरोगी माणसात ते सकाळी १.८ च्या खाली दबतं, माझं दबलं नाही. मग चोवीस तासांची लघवी, मग मध्यरात्रीचं कॉर्टिसॉल. मग रक्तातलं एसीटीएच, म्हणजे पिट्युटरीचा हुकूम, तो जवळजवळ शून्य. म्हणजे पिट्युटरी गप्प आहे आणि अ‍ॅड्रिनल स्वतःच्या मनानं चाललीय. शेवटी सीटी स्कॅन, त्यात ती दिसली. मोठ्या बोराएवढी.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. ही पद्धत मिशेल गॅन्ये यांनी कॅनडातून १९९२ साली पहिल्यांदा मांडली. त्याआधी यासाठी मोठा छेद घ्यावा लागायचा. मला तीन-चार छोटी भोकं पडली, पाचव्या दिवशी सुट्टी.

इथं सिनेमा असता तर संपला असता. प्रत्यक्षात पुढचं वर्ष आधीच्या चार वर्षांपेक्षा वाईट गेलं, आणि ते कुणी आधी सांगत नाही म्हणून इथं लिहून ठेवते. एका बाजूची गाठ वर्षानुवर्षं धो धो कॉर्टिसॉल सोडत असते तेव्हा दुसऱ्या बाजूची चांगली ग्रंथी झोपी जाते. गाठ निघाली की शरीरात कॉर्टिसॉल उरतच नाही. म्हणून हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्या चुकवायच्या नाहीत, ताप आला की दुप्पट करायच्या, उलट्या झाल्या तर इंजेक्शन. पर्समध्ये कायम चिठ्ठी, की मी स्टेरॉइडवर आहे, बेशुद्ध सापडले तर हे द्या. आणि एवढं करूनही अंग ठणकतं, कातडी सोलते, रडू येतं, कारण शरीराला जास्तीच्या कॉर्टिसॉलची सवय झालेली असते. दुसरी ग्रंथी जागी व्हायला किती वेळ? म्युनिकमधल्या डॉक्टरांच्या २०१५ च्या अभ्यासात अ‍ॅड्रिनलच्या गाठीवाल्यांचा मध्य अडीच वर्षांचा निघाला. माझी ग्रंथी दोन वर्षांनी जागी झाली. गोळ्या नांदेडहून मागवाव्या लागायच्या. एसटीच्या कंडक्टरकडे पुडकं दिलं जायचं आणि मी स्टँडवर वाट बघत उभी.

याच काळात शुगर, बीपी, वजन उतरत होतं. डिसेंबर २०२२ मध्ये एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ९.४ होती. ऑपरेशननंतर वर्षानं ६.१. आज मी ६७ किलो आहे. शुगरची एक गोळी आणि बीपीची अर्धी गोळी चालू आहे.

हो, चालू आहे. हेही फोटोखाली लिहा. गाठ काढली की सगळं पुसून कोरं होतं असं नाही. बहुतेकांची शुगर आणि बीपी सुधारतात, पुष्कळांची औषधं सुटतात, पण सगळ्यांची सगळी सुटत नाहीत. इटलीतल्या नेपल्सच्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवलं होतं की आजार बरा होऊन पाच वर्षं झाली तरी रुग्णांच्या रक्तवाहिन्यांवर आणि पोटावरच्या चरबीवर त्याची खूण राहते. शरीरात जास्तीचं कॉर्टिसॉल जितकी वर्षं राहील, तितकं मागे उरतं. म्हणून प्रवचनांचा मला राग आहे. नुसते शब्द असते तर एका कानानं ऐकून सोडून दिले असते. त्या शब्दांनी वेळ खाल्ला. 'मनावर घ्या' हे ज्यानं सांगितलं त्याच्या दृष्टीनं कारण सापडलेलं असतं. आळशी बाई, झालं निदान. मग पदर सरकवून कोण बघणार? माझा दबलेला मणका पुन्हा उभा राहणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुझी गोष्ट लाखात एक. खरंच आहे, त्याहूनही कमी. दहा लाखांत वर्षाला दोन-तीन नवे रुग्ण, असा अंदाज सांगतात. आणि आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात मधुमेही दहा कोटींच्या वर. म्हणजे शुगर असलेल्या प्रत्येकानं अ‍ॅड्रिनलचा सीटी काढत सुटायचं का? मुळीच नाही. आणि 'आमच्या ग्रंथीचा दोष' म्हणत उद्यापासून कुणी चालणं सोडू नये. मीही आता चालते. आता चालण्याचा उपयोग होतो! स्नायू परत येतायत, उकिडवं बसून उठता येतं. गेल्या वर्षभरात जे शेवटचे चार-पाच किलो उतरले त्यात माझ्या चालण्याचा, डाळी-अंड्यांचा वाटा नक्की आहे. तेवढ्याची शाबासकी चालेल. बाकीच्या बारा-तेरा किलोंची परत घ्या.

पण 'तुझं ठीक आहे, तुला आजार होता, बाकीचे मात्र आळशीच' ही जी पळवाट काही जण मला प्रेमानं देऊ करतात, तीही मला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचं उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काटा तोच, आतला हिशेब दुपटीहून जास्त वेगळा. आणि याज्ञिकांच्याच गटानं पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली तेव्हा दिसलं की सरासरी २.७ किलोची ही बारकी बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा स्नायूंनी फार कमी, पण चरबीनं तितकी कमी नव्हती. जन्माच्या वेळीच! आता त्या बाळाला काय सांगायचं, मनावर घे? आपल्याकडच्या शुगरमध्ये आईच्या पोटातल्या कुपोषणाचा वाटा आहे, आनुवंशिकतेचा आहे, झोपेचा आहे, रेशनवर काय मिळतं याचा आहे, आणि हो, चालण्या-खाण्याचाही आहे. माणसाच्या चारित्र्याचा दाखला वजनकाट्यावर मिळत नाही.

शिवाय ठळक कुशिंग दुर्मिळ असला तरी त्याची सौम्य धाकटी भावंडं तितकी दुर्मिळ नाहीत. अमेरिकेत २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटॅलिस्ट नावाच्या अभ्यासात, अनेक औषधं घेऊनही ज्यांची शुगर आटोक्यात येत नव्हती अशा १,०५७ जणांना तीच एक मिलिग्रॅमची चाचणी दिली. २५२ जणांचं कॉर्टिसॉल दबलं नाही. जवळजवळ चौथा हिस्सा. हा आकडा चिमटीत धरून घ्यावा, कारण अभ्यासाचा पैसा कॉर्टिसॉल अडवणारं औषध विकणाऱ्या कंपनीचा होता. एक चाचणी बिघडली म्हणजे आजार सिद्ध होत नाही हेही खरं. पण आकडा निम्मा केला तरी उरतो तो प्रश्न सोपा आहे: चार-चार औषधं चालू असताना शुगर उतरत नसेल, तर आधी शंका कशावर घ्यायची? पेशंटच्या खरेपणावर, की आपल्या निदानावर?

आणि आपल्या भागात तर कॉर्टिसॉलसारखंच काम करणारी गोष्ट बाहेरूनही येते. जगात कुशिंगचं सगळ्यात मोठं कारण गाठ नाहीच, औषध म्हणून दिलेलं स्टेरॉइड आहे. दमा, संधिवात, अशा आजारांत ते जीव वाचवतं, त्याच्याशी माझं भांडण नाही. कॉर्टिसोन पहिल्यांदा संधिवाताला वापरणाऱ्या हेंच यांना आणि त्यावर काम करणाऱ्या केंडॉल आणि राइखश्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं ते उगाच नाही. भांडण आहे ते बिननावाच्या पुड्यांशी. 'गुडघ्याची पुडी', 'दम्याची पुडी', घेतल्याबरोबर दोन तासांत माणूस टणाटण. अशा पुड्यांमध्ये लपवलेलं स्टेरॉइड सापडल्याच्या बातम्या देशभरातून वेळोवेळी आल्या आहेत. सोयाबीन काढायच्या किंवा हळद शिजवायच्या दिवसांत जिला कंबर धरून बसणं परवडत नाही ती बाई पुडी घेते. सहा महिन्यांनी चेहरा गोल होतो, शुगर निघते. मग तिला सांगतात, भात सोड! पुडीबद्दल विचारतं कोण? (आणि हे वाचून कुणी अशी औषधं एका दिवसात बंद करू नका. तुमचीही ग्रंथी झोपलेली असू शकते. एकदम बंद केलं तर जिवावर बेततं. पुडी हातात घेऊन डॉक्टरकडे जा आणि हळूहळू कमी करून घ्या.)

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. सेनगावच्या माणसाला आता डॉक्टर बनायला आणि डॉक्टर गाठायला, दोन्हींसाठी जवळची जागा झाली. तिथल्या मुलामुलींना माझी एकच विनंती आहे. यंत्रं येतील तेव्हा येतील. तोवर समोरच्या जाड बाईला एकदा उकिडवं बसून उठायला सांगा. पट्टे बघा, डाग बघा, जुना फोटो मागा. पुडी-गोळी-इंजेक्शन-मलम काय काय घेता ते न रागावता विचारा. तरुण वयात बीपी, शुगर आणि मोडकं हाड एकत्र दिसलं तर थांबा. यातलं काहीच नसेल तर मग खुशाल चालायला सांगा. पण आधी बघा.

आणि नातेवाईकांनो, तुम्हालाही. काकू, मामी, आत्याबाई, तुमचं प्रेम मला कळतं. आजारपणात डबा तुम्हीच पाठवलात, गोळ्यांचे पैसे मोठ्या मामांनी दिले, ते मी विसरणार नाही. म्हणूनच स्पष्ट लिहितेय. परवा चुलत नणंदेच्या मुलीला, एकोणीस वर्षांची पोर, तुम्ही माझा फोटो दाखवून म्हणालात, "बघ मावशीनं कसं करून दाखवलं, तू का नाही करत?" ती मान खाली घालून बसली होती. तिला गाठ आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक नसेलच. पण तिची पाळी येते का, ती झोपते का, हे त्या खोलीत कुणीही विचारलं नाही. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं. काय सांगितलं ते तिचं खाजगी आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी डॉक्टरकडे जाणार आहोत, एवढंच सांगते.

तेव्हा तो फोटो ग्रुपवरून काढा. काढायचा नसेल तर निदान खालची ओळ बदला. 'ऑपरेशननंतर दोन वर्षांनी' एवढं लिहिलं तरी पुरे. खरं आहे, आणि त्यानं कुणाला मान खाली घालावी लागत नाही.

असो, फारच लांबलं. उद्या शाळा आहे. ज्यांना शिव्या द्यायच्यात त्यांनी खाली द्याव्यात, आईला फोन करू नये :)